दाजींनी न भरलेले खोगीर

शेवंतीच्या पाठीचे वाटोळे मी केले. हे वाक्य लिहायला आज फारसे कष्ट पडत नाहीत. पण ते तोंडाने उच्चारायला मला जवळजवळ अकरा महिने लागले. नुसता गप्प राहिलो असतो तर एक वेळ तो भित्रेपणा म्हणून खपून गेला असता. मी गप्प राहिलो नाही. तो दोष मी दुसऱ्याच्या नावावर लावून मोकळा झालो, आणि ज्यांच्या नावावर लावला ते त्या दिवशी तिथे नव्हतेच.

शेवंती म्हणजे आमची घोडी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्याला लागून आमची माडांची बाग आहे. तिच्यात पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत, आणि पाहुण्यांना वाळूवर फेरी मारून आणायला ही घोडी. तिचे सगळे काही दाजी पाहत. दाजी कट्टा गावाजवळच्या एका वाडीतले. तरुणपणी मुंबईला गेले आणि तीस वर्षे शर्यतीच्या घोड्यांच्या एका तबेल्यात सईस म्हणून राबले. परतले तेव्हा भातशेती भावाच्या हाती गेली होती, बायको त्याआधीच वारली होती, आणि एकुलती मुलगी देवगडला सासरी नांदत होती. माझ्याकडे घोडी आली आहे हे कोणाकडून तरी ऐकून ते एका सकाळी आपण होऊन आले. माझ्याशी बोलण्याआधी ते तिच्याशी बोलले, आणि बराच वेळ बोलले.

ते तिच्याशी नेहमी हिंदीत बोलत. बाकी जगाशी मालवणीत. “दाजी, तिच्याशी हिंदीत कित्याक बोलतात?” असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, “मालवणीत सांगितला तर तिका वाटता भांडाण चालू आसा.”

घोड्याला धरून चालायचे ते त्याच्या डाव्या अंगाने. तीस वर्षांत ही सवय त्यांच्या हाडांत उतरली होती. माणसाबरोबर चालतानाही ते फिरून त्याच्या डाव्या खांद्याशी येत, आणि कोणी चुकून त्यांच्या डावीकडे गेला की बोलता बोलता अडखळत. घोडी पाणी प्यायल्याशिवाय ते चहा घेत नसत. तिच्यासाठी शिजवलेले कुळीथ आधी स्वतः जिभेवर ठेवून मीठ पाहत. माझी पत्नी सुमन म्हणे की आमच्या घरात सर्वांत चांगली चव घोडीच्या जेवणाला असते. आणि तिच्या पाठीवर काहीही ठेवण्याआधी ते आपला उघडा तळवा तिच्या मानेच्या मुळाशी, खोगीर जिथे बसते तिथे टेकवत आणि थांबत. किती वेळ, हे घोडीवर अवलंबून असे. ती श्वास सोडून मान खाली घेईपर्यंत हात हलत नसे. “तिका आधी विचारूक व्हया,” एवढेच ते म्हणत.

पण दाजींचे खरे नाव होते ते खोगीर भरण्यात. खोगिराच्या खाली, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना कापडाच्या दोन लांब पिशव्या असतात. स्वाराचे वजन त्यांच्यावर तोलले जाते. त्यांतले भरण दबले, गोळे झाले, की घोड्याची पाठ सोलवटते. आमच्या किनाऱ्यावरचे सातआठ घोडेवाले दरवर्षी हंगामाआधी आपापली खोगिरे दाजींपुढे आणून टाकत. दाजी घाटाखालच्या धनगरांकडून लोकर मागवत, ती चिमटीचिमटीने पिंजत, भरत, डोळे मिटून तळव्याने दाबून बघत, पुन्हा उसवत. त्यांची दाभणे वेळूच्या एका नळीत तेलात बुडवलेल्या चिंधीत गुंडाळलेली असत.

एकदा आमच्या पडवीत बसलेले एक निवृत्त मास्तर वर्तमानपत्र वाचून म्हणाले की लेखात सगळी खोगीरभरती आहे. दाजींनी मला त्याचा अर्थ विचारला. निरुपयोगी गोष्टी कोंबून जागा भरणे, असे मी सांगितले. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाले, “ज्येणी ह्यो शब्द काढल्यान, तेच्या पाठीर कधी कोण बसूक नाय.”

त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी खोल्या भरलेल्या होत्या. शेवंतीच्या खोगिरातले भरण दबल्याचे दाजींच्या हाताला लागले होते. त्यांनी दोन्ही पिशव्या उसवून रिकाम्या केल्या, कापड धुऊन दोरीवर वाळत घातले आणि लोकरीसाठी निरोप पाठवला. त्यातच धामापूरच्या बहिणीकडून सांगावा आला. भगवतीच्या देवळात फेडायचा एक जुना नवस होता. दोन दिवसांसाठी जायला हवे होते. निघताना मला म्हणाले, “भाई, मी येयपर्यंत शेवंतीक भायर काढू नको. खोगीर रिकामा आसा.”

मी हो म्हणालो. आणि ते बसमध्ये चढल्यावर तासाभराने पडवीत बसून त्या पिशव्यांत काथ्या भरू लागलो.

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना नारळाचा काथ्या कशालाही चालतो. दोरीला, गादीला, होडीची फट बुजवायला, भांडी घासायला. तो मऊ आहे, भरपूर आहे, अंगणातच पडलेला आहे. मग खोगिराला का चालणार नाही? सुमन दारात उभी राहून म्हणाली, “दाजींका विचारलात?” मी दुसरी पिशवी पुढे ओढली. पहिल्या दिवशी काही झाले नाही. पण घोडीचा घाम आणि समुद्राचे खारे तुषार पिऊन, उन्हात सुकून, रातोरात त्या काथ्याच्या गाठी झाल्या, सुपारीएवढ्या आणि तितक्याच कठीण. दुसऱ्या दिवशी खोगीर दाखवताच शेवंतीने अंग चोरले. मी ते पाहिले. हे मला नीट लिहिले पाहिजे: मी ते पाहिले, आणि खोगीर हलू नये म्हणून पट्टा दोन भोके जास्त आवळला.

तिसऱ्या फेरीला, खडकांजवळ, पाठीवर कोल्हापूरकडचे एक धिप्पाड गृहस्थ असताना ती वेदनेने पाठ खचवून मागच्या पायांवर उभी राहिली. शेवाळलेल्या दगडावर पाय सरकला आणि ती आडवी होऊन घसरत गेली. गृहस्थ वाळूवर पडले, त्यांचे मनगट तेवढे मुरगळले. खोगीर उतरवले तेव्हा शेवंतीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना कातडी फाटून मांस उघडे पडले होते. घोडेवाले धावत आले. त्यांच्यातला पास्कू, जिभेने तिखट आणि मनाने चांगला माणूस, पिशव्या चाचपून म्हणाला, “ह्या काय भरलाहा? दगड?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “दाजींनी भरला आणि गावाक गेले. वय झाला त्यांचा.”

इतके सोपे होते ते. कोणी शंका घेतली नाही, कारण शंका घेण्यासारखा माणूस मी नव्हतो.

दाजी परतले ते कट्ट्यावरून. बस बदलायला उतरले तेव्हा चहाच्या दुकानात त्यांना सगळी हकिकत कळली होती, ते खोगीर म्हणे आपणच भरले होते, हेही. ते थेट गोठ्यात गेले. गुरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शने देऊन गेले होते. जखम भरेल, पण ही आता सवारीची राहिली नाही, असे त्यांचे मत पडले होते. दाजी मला म्हणाले, “पाणी तापव. मीठ घाल तेच्यात.” मी पातेले घेऊन गेलो तेव्हा ते जखम पुसत होते. पुसता पुसता त्यांनी मांसात रुतलेला एक तपकिरी धागा दोन नखांनी ओढून काढला. उजेडात धरला. तो काथ्या होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. धागा सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, “आणि पाणी व्हया.”

मी त्या क्षणाची वाट पाहत होतो, असे नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितले. ते रागावले असते तर मी कबूल झालो असतो. ते रागावले नाहीत. आणि मी कबूल झालो नाही.

महिनाभरात घाव बुजला, पण खरे नुकसान त्यानंतर दिसू लागले. दुखऱ्या पाठीला जपण्यासाठी शेवंती मान उंच ताणून, पाठ खाली टाकून उभी राहायची. मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे मांस झडून खळगे पडले, पोट लोंबले, मागचे पाय फरफटू लागले. घाटावरून एक व्यापारी येऊन तिला बघून गेला. असे घोडे अशा व्यापाऱ्यांकडून पुढे कुठे जातात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तो गेल्यावर दाजी म्हणाले, “धा म्हयने माका दी. मगे तू काय ता ठरव.”

ते दहा महिने मी त्यांचा शागीर्द होतो. त्यांनी मला तसे सांगितले नाही. फक्त प्रत्येक कामाला माझा हात पुढे घेतला. पाठीला मी तेल चोळू लागलो तेव्हा माझे मनगट धरून त्यांनी ते शेवंतीच्या पोटाखाली नेले. “घर बांधलंस मां तू? पोट म्हणजे भित, पाठ म्हणजे आडो. भित खचली काय आडो वाकता. लोक आड्याक टेकू देतत, भितीक कोण बघणा नाय.” आडो म्हणजे छपराचे आढे. छातीच्या मागे, पोटाच्या मधोमध बोटांनी हलकेच खाजवायचे, घोडी पोट आत ओढते आणि तिची पाठ आपोआप वर येते. पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. पहिल्या दिवशी तिने माझ्यावर दात विचकले. दाजींच्या हाताला ती पाठ देत होती, माझ्या नव्हे. मी मागे सरलो तर म्हणाले, “खंय जातस? हात तुझोच लागूक व्हयो.” मी का, असे विचारले नाही. उत्तर त्यांच्या खिशात होते.

टांगलेली चाऱ्याची पिशवी त्यांनी काढून टाकली. गवत, पेंड, कुळीथ सगळे जमिनीवर, म्हणजे खाताना मान खाली जाते आणि पाठ ताणली जाऊन वर येते. गाजराचा तुकडा दाखवून तिचे तोंड पुढच्या दोन पायांमध्ये न्यायचे, मग एका कुशीकडे, मग दुसऱ्या. पोफळीचे सोट वाळूत आडवे टाकून त्यांच्यावरून पावले उचलत चालवायचे. उलटे चालवायचे, चार पावले, मग सहा. गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याने न्यायचे, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बागेमागच्या चढावर. घाईला त्यांच्याकडे जागा नव्हती. दोन महिन्यांनी मी म्हटले की फरक दिसत नाही. ते म्हणाले, “पोफळ उंच होवक किती वर्सा लागतत? तिका कोण वडून उंच करणा नाय.”

फरक मात्र ते मोजत होते. दर महिन्याला एक मऊ तार घेऊन ते मानेच्या मुळाशी पाठीवर आडवी दाबत, तिला पाठीचा आकार येई. मग ती अलगद उचलून गोठ्याच्या भिंतीवर टेकवत आणि कोळशाने तिच्या कडेने रेघ ओढत. पहिली रेघ उतरत्या छपराच्या आढ्यासारखी टोकदार होती, दोन्हीकडे खोल गेलेली. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. आकडा नाही, तारीख नाही.

या काळात किनाऱ्यावरच्या एकाही घोडेवाल्याने दाजींकडे खोगीर आणले नाही. पावसाळा संपता संपता, हंगामाआधी एरवी ढीग पडायचा तेव्हा, त्यांची खोगिरे वेंगुर्ल्याच्या कोणा कारागिराकडे गेली. वाटेत पास्कू भेटला की विचारी, “काय दाजी, ह्या वर्षी खोगिरात काय भरतलात? कुळीथ?”

“कुळीथच,” दाजी म्हणत. “मोड इले काय उसळ खावक ये.”

पास्कू हसे, दाजीही हसत, आणि मी त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहून खाली वाळूकडे बघे. पण दर शनिवारी ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून वेळूची नळी उघडत आणि न वापरलेल्या दाभणांना पुन्हा तेल लावत. एकदा चिंधी उलगडताना मी पाहिले: दाभणांच्या शेजारी तो काथ्याचा धागा होता. त्यांनी तो लपवला नाही. दाखवलाही नाही. दाभणे पुसली, धागा होता तिथे ठेवला, चिंधी गुंडाळली.

चतुर्थीच्या आधी सुमनने नेहमीप्रमाणे घर, पडवी, गोठा सगळे चुन्याने रंगवायला काढले. दाजी तिला म्हणाले, “वयनी, ती एक भित तेवढी रवांदे.” ती भिंतीपुढे उभी राहून रेघा बघत राहिली. आठ झाल्या होत्या. वरच्या रेघेने आता छपराचा आकार सोडून उपड्या टोपलीचा आकार घेतला होता. दाजी पाणी आणायला गेल्यावर तिने ब्रश बादलीत टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “घोडयेची पाठ भरान इली. तुमी बोलतलात कधी?”

मी म्हणालो, योग्य वेळ येऊ दे. ती म्हणाली, “दाजी सत्तर वर्सांचे आसत.”

तुळशीचे लग्न झाले आणि दाजींनी लोकर पिंजायला घेतली. चार दिवस ते एकच खोगीर भरत होते. इतके सावकाश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. शेवटी दोन्ही पिशव्या शिवून त्यांनी मला हात फिरवायला लावला. आत काही भरले आहे असे वाटत नव्हते; तळव्याखाली नुसता एक शांत प्रतिकार होता. मी त्यांना म्हणालो, आपण बागेतच चढवून बघू या. खरे तर मला किनाऱ्यावर जायचे नव्हते. दाजी म्हणाले, “पडली थयच उठूक व्हयी.”

पुढच्या उन्हाळ्यात दाजी मुलीकडे देवगडला गेले. तिथे मी त्यांना चार वेळा भेटलो. अंगणातल्या आंब्याच्या कलमाच्या सावलीत खाटेवर बसलेले असत, आणि मी बसलो की उठून माझ्या डाव्या बाजूला येत. आता ते नाहीत. मुलीने ती वेळूची नळी माझ्याकडे पाठवली. तिच्यात दाभणे होती, धागा नव्हता. पण दाजी म्हटले की मला खाटेवरचे दाजी दिसत नाहीत. मला किनाऱ्यावरच्या त्या सकाळचे दिसतात, आणि त्यांना शेवटचे पाहिले ते तिथेच, असे मी धरून चालतो.

भरती ओसरत होती. वाळू ओली आणि घट्ट होती. घोडेवाले पर्यटकांची वाट बघत खडकांपाशी उभे होते, त्याच जागी. शेवंती मान खाली सोडून, मागचे पाय पोटाखाली घेत, पाठ भरून चालत आली तेव्हा त्यांच्यातले बोलणे थांबले. पास्कूने तोंडातली विडी काढली. दाजी तिच्या डाव्या अंगाला उभे राहिले. खोगीर माझ्या हातात होते. त्यांनी आपला तळवा तिच्या पाठीवर टेकवला आणि थांबले.

पास्कूला ती शांतता सोसली नाही. “दाजी, बरी केलात हां घोडी,” तो म्हणाला. “पण ह्या खोगिरात परत दगड नाय मां भरलात?”

दोघेतिघे हसले. दाजीही हसले. “हात घालून बघ,” ते म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात मागणी होती की मोकळीक, हे मी त्यांना पुढे कधी विचारले नाही. शेवंतीने लांब श्वास सोडला. तळवा अजून तिच्या पाठीवरच होता. मी मनात कितीतरी दिवस घोटलेली पुस्तकी वाक्ये कुठल्या कुठे गेली, आणि मी जे बोललो ते असे:

“पास्कू, ता खोगीर दाजींनी भरूक नाय. लोकर येयपर्यंत घोडयेक भायर काढू नको, म्हणान सांगान ते धामापुराक गेल्ले. काथो मी भरलंय, माझ्या हातान. ती अंग चोरत होती, ता मी बघितलंय, आणि तरी पट्टो आवळलंय. आणि मगे हयच, तुमच्या सगळ्यांच्या म्होरे, दाजींचा नाव घेतलंय. दाजी, तुमका पयल्या दिवसापासून म्हायती होता. तुमी माझो हात धरून हिची पाठ उभी केलात, आणि मी तुमचा नाव आडवा पाडून गप रवलंय. माझी चूक झाली, दाजी. माका माफ करा.”